अल्सेशियनच्या पिल्लाचे वंध्यीकरण केव्हा करावे?

जर्मन शेफर्ड, म्हणजे बोलण्यातला अल्सेशियन. या जातीचे मादी पिल्लू सहा महिन्यांचे झाले की वंध्यीकरणाचा प्रश्न निघतोच. लहान चणीच्या कुत्रीबाबत तो लवकर सुटतो; येथे मात्र हाडांचीही बाजू ऐकावी लागते. हाडांच्या टोकांजवळच्या वाढीच्या कूर्चा अंडाशयातील संप्रेरकांमुळे वेळेवर मिटतात. अंडाशय अकाली काढले, तर हाडे अधिक लांबतात व सांध्यांची ठेवण बिघडू शकते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१६ साली याच जातीची पाहणी प्रसिद्ध केली. वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या माद्यांपैकी १६ टक्क्यांना सांध्यांचे विकार जडले. न झालेल्यांपैकी ५ टक्क्यांना. स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण मात्र उलट: न झालेल्यांत ४ टक्के, लवकर झालेल्यांत एकाहूनही कमी. शिवाय उतारवयात गर्भाशयात पू होण्याचे जीवघेणे संकट असतेच.

तरीही, माजाचे तीनेक आठवडे डोळ्यांत तेल घालून पहारा करता येत असेल, तर वाढ पुरी होईपर्यंत थांबणे रास्त. पहारा जमण्याजोगा नसेल, तर नको असलेल्या आठ पिल्लांपेक्षा लवकरची शस्त्रक्रिया बरी. माजात मात्र ती टाळावी. तेव्हा रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. माज ओसरल्यावर दोन-तीन महिन्यांनी पशुवैद्याकडे दिवस ठरवावा.