पिठांतील तांबूस भुंगेरा



नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर, गुजरातला लागून, सुरगाणा हा डोंगराळ तालुका आहे. १९४८ सालापर्यंत तें एक लहानसें संस्थान होतें. पावसाळ्यांत तेथें पाऊस धो धो कोसळतो; खाचरांत भात आणि उतारावरील हलक्या जमिनींत नागली व वरई पिकते. या भागांतील कोकणा, वारली, महादेव कोळी इत्यादि समाजांच्या घरीं नागलीला जो मान आहे तो केवळ भाकरीच्या चवीमुळें नव्हे. चांगली वाळवून कणगींत भरलेली नागली किडीवांचून वर्षानुवर्षें टिकते, आणि एखाद्या वर्षीं पावसानें दगा दिला तर तीच घर तारते. या गुणांत गहूं आणि ज्वारी तिच्या पासंगालाहि पुरत नाहींत.

परंतु याच नागलीचें पीठ करून डब्यांत भरावें आणि महिना दीड महिना तें तसेंच राहूं द्यावें. झांकण उघडून पाहावें तों तांबूस रंगाचे बारीक किडे पिठांत हिंडत असल्याचें पुष्कळदां आढळतें. दाण्याला जो शत्रु शिवला नाहीं, तो पिठाला कोठून भेटला? या प्रश्नाचें उत्तर त्या किड्याची नेमकी ओळख पटल्यावांचून मिळत नाहीं. ओळख चुकली तर उपायहि भलत्याच ठिकाणीं होतो, आणि धान्य मात्र हातचें जातें.

आपल्या घरांत धान्यांत जें जें म्हणून हलतें त्याला सरसकट सोंडे किंवा पोरकिडे म्हणण्याचा प्रघात आहे. खरा सोंडा निराळा. त्याचें डोकें पुढें निमुळतें होऊन त्याची स्पष्ट सोंड झालेली असते. मादी या सोंडेनें अखंड दाणा कोरते, त्या खळग्यांत अंडें घालते आणि तोंड बुजवून टाकते. पुढें अळी दाण्याच्या पोटांतच वाढते. गव्हाच्या किंवा तांदळाच्या दाण्यांत तिला ऐसपैस घर मिळतें; नागलीचा दाणा इतका बारीक कीं तेथें तिला मावण्यापुरतीहि जागा नसते. नागलीच्या टिकाऊपणाचें एक मोठें कारण हें आहे.

पिठांतल्या तांबूस किड्याला सोंड नसते. तो टेनेब्रिओनिडी नांवाच्या कुळांतला. लिनीअसनें १७५८ सालीं या कुळांतील एका भुंगेऱ्यास टेनेब्रिओ हें नांव दिलें. काळोखांत वावरणारा, असा त्या लॅटिन शब्दाचा आशय. या कुळाच्या वीस हजारांहून अधिक जाती आज ज्ञात आहेत. आपल्या किड्याचें वर्णन हर्ब्स्ट या जर्मन पंडितानें १७९७ सालीं प्रसिद्ध केलें. ट्रायबोलियम कॅस्टेनियम हें त्याचें आजचें शास्त्रीय नांव, आणि कॅस्टेनियम म्हणजे चेस्टनट फळाच्या रंगाचा. २००८ सालीं शास्त्रज्ञांनीं त्याचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध केला. भुंगेऱ्यांच्या अफाट विस्तारांत हा मान प्रथम मिळाला तो आपल्या पिठाच्या डब्यांतल्या या रहिवाशाला!

आतां ओळखीच्या खुणा पाहूं. किडा पांढऱ्या कागदावर घ्यावा आणि दहापट मोठें दाखविणारें भिंग त्यावर धरावें. लांबी तीन-चार मिलिमीटर, अंग चपटें, कडा जवळजवळ समांतर, आणि पाठीवरील कठीण पंखांवर बारीक उभ्या रेघा. केवळ रंगावर मात्र विसंबूं नये; कोशांतून नुकताच बाहेर पडलेला भुंगेरा फिकट असतो आणि कांहीं दिवसांनीं गडद होतो. मिशांचें मूळ डोक्याच्या कडेच्या एका लहानशा पडवीखालीं झांकलेलें असतें, आणि तीच कड डोळ्यांत घुसल्यामुळें डोळ्याला खांच पडलेली दिसते. पावलांचे सांधे मोजण्यास सूक्ष्मदर्शकच लागेल. पुढच्या दोन जोड्यांतील पावलांना पांच पांच सांधे आणि मागच्या जोडींतील पावलांना चारच, ही या कुळाची फार महत्त्वाची खूण होय.

एवढ्यावर काम संपत नाहीं, कारण या किड्याला एक हुबेहूब भाऊ आहे. या दोघांची इतकी गल्लत होत असे कीं दुसऱ्याचें शास्त्रीय नांवच कन्फ्यूझम, म्हणजे घोटाळ्यांत पडलेला, असें ठेवलें गेलें. मला तरी हें नांव शास्त्रीय ग्रंथांतील अत्यंत प्रामाणिक नांवांपैकीं एक वाटतें. दोघांना वेगळे करावयाचें तर मिशांचीं टोंकें पाहावीं. कॅस्टेनियमच्या मिशीचे शेवटचे तीन मणी एकाएकीं मोठे होतात आणि गदेसारखे दिसतात. कन्फ्यूझमची मिशी मुळापासून टोंकाकडे हळूहळू जाड होत जाते. मग किडा उताणा करावा. पहिल्याच्या दोन डोळ्यांमधील अंतर सुमारें एका डोळ्याएवढें, दुसऱ्याच्या सुमारें तीन डोळ्यांएवढें असतें. हा भेद पंडितांच्या वादापुरता नाहीं. कॅस्टेनियम उबदार हवेंत उडतो. कन्फ्यूझम पंख असूनहि उडत नाहीं आणि थंड मुलखांत अधिक आढळतो. आपल्या उष्ण प्रदेशांत गांठ पडते ती बहुधा उडणाऱ्याशीं. म्हणजे आपला डबा कितीहि स्वच्छ असला तरी तो बाहेरून येऊं शकतो.

याच कुळांतील दुसरे पुष्कळ भुंगेरे मोठे, काळे व निस्तेज असून दगडाखालीं, पडलेल्या लांकडाखालीं राहतात, आणि रात्रीं संथपणें हिंडून सडका पालापाचोळा खातात. त्यांतील अनेकांचे पाठीवरचे पंख मधोमध जोडले गेलेले असतात, त्यामुळें ते उडूं शकत नाहींत. चपळाईनें धांवणारा, पुढें रोखलेल्या जबड्यांचा काळा भुंगेरा दिसला तर तो निराळ्या कुळांतला शिकारी समजावा. त्याच्या सर्व पावलांना पांच पांच सांधे असतात. केरळांत रबराच्या मळ्यांतून ‘मुप्ली’ नांवाचे भुंगेरे पावसाच्या तोंडावर झुंडींनीं घरांत शिरतात. तेहि याच कुळांतले. ते लोकांना बेजार करतात. पण त्यांचें अन्न रबराचा पाचोळा, घरांतलें धान्य नव्हे.

पिठांतल्या किड्याचा उपद्रव मात्र खाण्यापुरता थांबत नाहीं. त्याच्या अंगांतून क्विनोन नांवाचीं उग्र द्रव्यें सुटतात. फार किडे झाले म्हणजे पिठाला गुलाबी झांक आणि कुबट वास येतो. तें पीठ चाळून वापरूं नये, टाकून द्यावें. मादी कित्येकशें अंडीं घालते. अंडीं चिकट असल्यानें त्यांवर पिठाचा लेप बसतो आणि नेहमींच्या चाळणींतून तीं सहज निसटतात. उबदार दिवसांत सुमारें एका महिन्यांत अंड्याचा भुंगेरा होतो, आणि तो वर्षाहूनहि अधिक काळ जगतो. पूर्वीं पहाटे जात्यावर त्या दिवसापुरतें पीठ निघे. तेव्हां या किड्याला पिढी पुरी करण्यास अवधिच मिळत नसे. आज गिरणींतून एकदम महिन्याचें पीठ आणण्याची चाल आहे, आणि तो त्याला नेमका पुरतो.

तेव्हां पंधरवड्याला पुरेल इतकेंच दळावें. जुन्या पिठावर नवें ओतूं नये. डब्याच्या कडेच्या खांचा कोरड्या कुंच्यानें झाडून मगच भरावें. ज्यांच्या घरीं शीतकपाट आहे त्यांनीं पीठ बर्फाच्या कप्प्यांत तीन-चार दिवस ठेवल्यास अंडींहि मरतात. आणि हाच तांबूस भुंगेरा अखंड गव्हाच्या पोत्यांत सांपडला, तर दोष त्याच्या एकट्याच्या माथीं मारूं नये. अखंड, कोरडा दाणा फोडण्याचें बळ त्याला नाहीं; तो येतो तो चुरा आणि फुटके दाणे खाण्यास. अशा वेळीं मूठभर गहूं परातींत पसरून भोंक पडलेले दाणे शोधावे. ते सांपडले, कीं आधीं सोंड्याचा बंदोबस्त करावा.