पुस्तक पाठ, शब्द अनोळखी
(युवक शिबिरातील भाषणाचा संपादित अंश)



वस्तीतल्या आमच्या संध्याकाळच्या वर्गात दुसरीतला एक मुलगा आला. घराजवळच्या खासगी इंग्रजी शाळेत जाणारा. वडील गॅरेजमध्ये कामाला, आणि फी भरायची म्हणून आईने शिलाईची कामं घेतलेली. आई अभिमानाने म्हणाली, ‘बाजी, याला अख्खं पुस्तक वाचता येतं.’ त्याने धडा घडाघडा म्हणून दाखवला. मध्येच माझ्या हातून चुकून दोन पानं एकदम उलटली गेली. तरी तो राहून गेलेल्या पानावरचीच वाक्यं म्हणत राहिला! मग मी फळ्यावर इंग्रजीत ‘पिन’ लिहिलं. ‘पी, आय, एन’ म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबला.

त्या मुलाचा काहीच दोष नव्हता. त्याला अक्षरांची नावं शिकवली होती, आवाज कुणी शिकवलेच नव्हते. मी तरी काय वेगळं करत होते? सुरुवातीची अकरा वर्षं मीही ‘ए फॉर ॲपल’ आणि स्पेलिंगचं पाठांतर हेच करून घेतलं. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं. उर्दू शाळेत, मराठी शाळेत, सगळीकडे आलं. आम्ही शिक्षकांनी मात्र ज्या पद्धतीने स्वतः शिकलो, तीच पुढे चालवली. मुलं पाचवीत-सहावीत पोहोचली की पाठांतर पुरत नाही. विज्ञानातले नवे शब्द रोज येतात, आणि ‘मला डोकं नाही’ असं एखादी हुशार पोरगी स्वतःबद्दल ठरवून टाकते. मग घरातले म्हणतात, बस झालं आता शिक्षण. हे मी पाहिलं आहे, म्हणून या तांत्रिक वाटणाऱ्या विषयावर बोलते आहे.

फोनिक्स म्हणजे इतकंच, की अक्षराचा आवाज शिकवायचा आणि ते आवाज जोडून शब्द वाचायला लावायचा. इंग्रजीत अक्षरं २६, पण बोलण्यातले ध्वनी सुमारे ४४. म्हणून एबीसीडीच्या क्रमाने जायचं नाही. स्यू लॉइड आणि सॅरा वर्नहॅम यांच्या ‘जॉली फोनिक्स’मध्ये ४२ ध्वनी सात गटांत शिकवतात. पहिल्या गटात एस, ए, टी, आय, पी, एन. या सहांतूनच सॅट, पिन, टॅप, पॅन, नॅप, स्पिन असे शब्द तयार होतात. म्हणजे पहिल्या काही आठवड्यांतच मूल कधीही न पाहिलेला शब्द स्वतः वाचतं. तेव्हाचा त्याचा चेहरा बघा एकदा!

इथे आपली एक अडचण आहे. आपल्या ‘क’मध्ये ‘अ’ आधीच बसलेला. त्यामुळे आपण ‘कअ-ॲ-टअ’ म्हणतो आणि मुलाने कितीही जोडलं तरी त्याचा ‘कॅट’ होत नाही. तिथे पाय मोडका ‘क्’ हवा, पाय मोडका ‘ट्’ हवा. मराठी शाळेतल्या मुलाला पाय मोडणं माहीत असतं, त्याचा फायदा घ्या. उर्दू शाळेत ‘ॲ’साठी थोडी जास्त मेहनत पडते, कारण तो आवाज दाखवायला सरळ खूणच नाही. तिथे कान तयार करायचा, खडू नंतर हातात घ्यायचा.

इंग्लंडमध्ये २००६च्या जिम रोझ यांच्या अहवालानंतर सरकारी धोरणच या दिशेने गेलं. २०१२पासून तिथे पहिल्या इयत्तेच्या शेवटी एक तपासणी होते. ४० शब्द मुलाने मोठ्याने वाचायचे आणि त्यातले २० बनावट, कुठल्याही अर्थाचे नसलेले! कारण बनावट शब्द पाठ करता येत नाही. आमच्या त्या मुलाला ही तपासणी लगेच उघडं पाडली असती. पहिल्या वर्षी ५८ टक्के मुलं त्यात उत्तीर्ण झाली, २०१९ला ८२ टक्के. पण आकडा वाढला म्हणजे मुलं समजून वाचू लागली, असं मात्र लगेच म्हणू नका.

हे आपल्यापेक्षा कुणाला जास्त कळेल? आपल्यातल्या बहुतेकांनी मकतबमध्ये कायदा गिरवला आहे. अलिफ जबर अ, बे जेर बि, असे हिज्जे करत करत पाच-सहा वर्षांचं मूल अरबी अस्खलित वाचू लागतं. पद्धत ध्वनीचीच आहे आणि ती काम करते, याचा पुरावा आपल्या घरातच आहे. पण त्या मुलाला अर्थ विचारा. अरबी त्याच्या बोलण्यात नाही, म्हणून वाचन ओठांवर थांबतं. गॉफ आणि टन्मर या अभ्यासकांनी १९८६मध्ये हेच सूत्रात मांडलं होतं. लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं म्हणजे वाचन. गुणाकार आहे, बेरीज नाही. एक बाजू शून्य असली की उत्तर शून्य.

म्हणून आमच्या वर्गात ‘पॅन’ वाचायच्या आधी खराखुरा पॅन येतो. घरी दखनी, शाळेत उर्दू किंवा मराठी, पुस्तकात इंग्रजी, अशी आपल्या मुलांची कसरत असते. त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत भरपूर बोला, गोष्टी सांगा, मग आवाजांकडे या. आवाजांना रोज पंधरा-वीस मिनिटं पुरतात. ‘सेड’, ‘वॉज’ असे आडमुठे शब्द सरळ सांगून टाका, नियम शोधत बसू नका. आणि महागड्या किटच्या मागे लागू नका. आजकाल गल्लोगल्ली ‘फोनिक्स’च्या पाट्या लागल्या आहेत, दोन दिवसांत प्रमाणपत्र देतात. आमच्याकडे जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढलेली कार्डं आहेत, ती झकास चालतात.

तो मुलगा आता तिसरीत आहे. परवा त्याने आईच्या शिलाई मशीनवरचं नाव तुकडे पाडून वाचलं, एक आवाज चुकला. आई मला विचारत होती, ‘बाजी, मलाही शिकवाल का?’ ती मंगळवारपासून येते आहे.

चहानंतर मागच्या टेबलावर कार्डं ठेवते. ज्यांना वस्तीत वर्ग घ्यायचा आहे त्यांनी थांबा. आधी तुमचेच ‘क्’ आणि ‘ट्’ तपासून घेऊ.