दोन कुळांचा वारसा आणि तरुण मन



आंतरजातीय वा आंतरप्रांतीय विवाह करणाऱ्या दांपत्याचा क्वचित सत्कार होतो. परंतु त्यांच्या मुलांपुढील प्रश्नाकडे समाजाचे फारसे लक्ष जात नाही. आजोळी एक बोली व एक रीत, वडिलांच्या घरी दुसरी, ही बालपणी समृद्धीच असते. तारुण्याच्या उंबरठ्यावर मात्र ‘तू नेमका कोणाचा?’ असा प्रश्न बाहेरून येतो आणि मनात दुभंग निर्माण होतो.

तरुणांच्या स्वत्वाच्या शोधाचा मूलगामी अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी हा अनुभव स्वतः घेतला होता. १९०२ मध्ये जर्मनीत जन्मलेल्या एरिक्सन यांची आई डॅनिश ज्यू होती. गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या या मुलाला ज्यू मुले परका मानीत, तर शाळेतील मुले ज्यू म्हणून हिणवीत. पुढे अमेरिकेत त्यांनी ‘एरिक्सन’ हे आडनाव स्वतःच धारण केले.

आपल्याकडे हा प्रश्न बहुधा दाखल्याच्या अर्जातून उभा राहतो. वडील बिगर-आदिवासी आणि आई आदिवासी असलेल्या गुजरातमधील एका तरुणाच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१२ रोजी महत्त्वाचा निर्णय दिला. अपत्याची जात वडिलांची, हे गृहीतक अंतिम नव्हे. आपले संगोपन आईच्या समाजात झाले, त्या समाजाची वंचना व अवहेलना आपणही सोसली आणि आतल्या-बाहेरच्या सर्वांनी आपल्याला त्याच समाजाचे मानले, हे पुराव्याने दाखविण्याची संधी अपत्यास आहे, असे न्यायालयाने म्हटले. केवळ जन्म नव्हे, तर जगलेले आयुष्यही ओळख घडविते, हे तत्त्व येथे मान्य झाले.

महाराष्ट्र शासनाने १४ मार्च २०२४ च्या निर्णयान्वये, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे बंधनकारक केले. नावात आईला स्थान मिळाले. आता तिच्या वारशालाही मान मिळाला पाहिजे.

यास्तव दाखल्याचा अर्ज वडिलांच्या नोंदीवरूनच निकाली न काढता अधिकाऱ्यांनी संगोपनाचा पुरावा तपासावा. शिक्षकांनी भर वर्गात जात विचारू नये. पंचायत सदस्यांनी अशा कुटुंबास गावच्या उत्सवात बरोबरीने सामावून घ्यावे. दोन्ही घरे आपली म्हणण्याचा अधिकार या तरुणांना लाभला, तरच आंतरजातीय विवाहामागील समतेचा हेतू पुढील पिढीत सफल होईल.