स्वागताध्यक्षांचे मनोगत

वकील मंडळी, कामगार संघटनांचे कार्यकर्ते आणि कागदांच्या पिशव्या सांभाळत आलेल्या माझ्या कामगार बंधू-भगिनींनो,

कामगार नुकसानभरपाई आणि अपंगत्व लाभाच्या दाव्यांवरील या परिषदेसाठी सिद्धरामेश्वरांच्या सोलापुरात आपले मनापासून स्वागत. पाण्याचे आधीच सांगून टाकतो. उजनी भरली तरी आमच्या नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकराला अंगवळणी पडले आहे. पाहुण्यांना ते सोसायला लावताना मात्र मान खाली जाते. टँकर सांगून ठेवला आहे.

ज्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात इथे तलाव खोदवला, ते श्रमालाच पूजा मानणाऱ्या शरण परंपरेतले. पुढे जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या आणि गावाचे घड्याळ भोंग्यावर चालू लागले. आप्पासाहेब वारदांचे इंद्रभुवन जाता-येता जरूर बघा. महापालिकेचा कारभार तिथे थाटला गेला, म्हणून नक्षीकाम कमी झालेले नाही. डॉ. कोटणीसही आमचेच. पण ते जगाला ठाऊक आहेत.

मला सांगायचे आहे ते कुर्बान हुसेन यांच्याविषयी. चार पुतळ्यांच्या चौकातून तुमच्या रिक्षा आल्या असतील. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना 1930 च्या मार्शल लॉनंतर 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिले. त्यातला हा विशीतला पोरगा गिरणी कामगारांत वावरायचा, ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवायचा. स्वतःचे पत्र, तेही त्या वयात! आमच्या पोरांना त्याचे नाव चौकापुरते माहीत आहे, याची मला खंत वाटते. दरवर्षी गड्ड्याची जत्रा आणि त्यांचा स्मृतिदिन मागेपुढे येतात. जत्रेला जाणाऱ्यांनी दोन मिनिटे तिथेही थांबावे.

याचा नुकसानभरपाईशी काय संबंध, असे चिटणीस मघापासून डोळ्यांनी विचारताहेत. ओढूनताणून सांगतो. तो पोरगा गिरणगावात वाढत होता, तेव्हाच 1923 चा भरपाई कायदा 1 जुलै 1924 पासून लागू झाला. आता तो 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे.

मी स्वतः टॉवेल काढणारा कारखानदार, म्हणजे तुमच्या दाव्यातला पलीकडचा पक्षकार! म्हणून माहितीतले बोलतो. मागावरचा धोटा उडून डोळ्याला लागला की मालक दवाखान्याचे बिल भरतो आणि विषय संपला समजतो. जुन्या कायद्याची अनुसूची मात्र एक डोळा गेल्यास कमाईक्षमतेची 40 टक्के हानी धरत आली. दाव्याची मुदत दोन वर्षे. ती ‘शेट बघतील’ म्हणण्यात निघून जाते. ज्याचे ईएसआय भरले जाते त्याचा दरवाजा वेगळा, हेही त्याला कुणी सांगत नाही. आणि हजेरीपटावर ज्याचे नावच नाही, तो कुठल्या दारात उभा राहणार?

आणि दावा लावला तरी किती वेळ जातो, ते शेजारच्या धाराशिवकडचेच बघा. साखर कारखान्याचा एक रखवालदार 2003 साली कामावर येताना रस्त्यात वारला. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. बावीस वर्षे! निकालाचा आनंद आहे, वेळेची लाज आहे.

आता ऋणनिर्देश. यंत्रमागधारकांनी देणगी दिली, चादरवाल्यांनी प्रत्येक पाहुण्यासाठी टॉवेल दिला, विडी कामगार भगिनींनी शेंगाची चटणी करून आणली, मंडपवाल्याने निम्मेच पैसे घेतले. नावे घ्यायची नाहीत अशी देणगीदारांची अट आहे; त्यातल्या दोघांनी ती पाळण्याविषयी तीनदा फोन केला. निवासात डास असतील, पंखे कुरकुरतील, कडक भाकरी खरोखर कडक लागेल. सगळ्याचा दोष स्वागत समितीवर घाला, स्वयंसेवक पोरांवर नको.

कारखानदार बंधूंना एक विनंती. घरी जाण्याआधी हजेरीपट उघडा आणि राहिलेली नावे आजच लिहा. वकील मंडळी, दुपारी तीनला मार्गदर्शनाची टेबले लागतील. हाताला पट्टी बांधून आलेल्या माणसाला रांगेत उभे करू नका; आधी अपघाताची तारीख विचारा.