सूर्यप्रकाशाच्या शोधात वैमानिक

(तालुका पातळीवरील व्यवसाय-मार्गदर्शन मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वैमानिक होण्याची इच्छा बाळगणारे मुलगे आणि मुली केवळ मुंबई-पुण्यातच आढळतात, असे आता राहिलेले नाही. तालुक्याच्या ठिकाणच्या कनिष्ठ महाविद्यालयांतूनही हा प्रश्न विचारला जातो आणि त्यापाठोपाठ दुसराही येतो : अमेरिकेत, फ्लोरिडाला किंवा ॲरिझोनाला जाऊन शिकावे काय? पालक सल्ल्यासाठी प्रथम शाळेत येतात, क्वचित सरपंचांकडे जातात, कारण घरात जमीन गहाण टाकण्याचा विचार सुरू झालेला असतो. म्हणून त्या दूरच्या राज्यांत नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, एवढेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

उड्डाण शिकण्यासाठी थंड मुलुख सोडून उबदार मुलखात जावे, ही कल्पना विमानाइतकीच जुनी आहे. राइट बंधूंचे गाव डेटन हे ओहायो राज्यात. तेथील हिवाळ्यात शिकवणे अवघड, म्हणून त्यांनी १९१० च्या वसंतात दक्षिणेकडील अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहराजवळ आपली उड्डाणशाळा उघडली. आज जगभर नाव असलेले एम्ब्री-रिडल विद्यापीठ १९२५ साली ओहायोतीलच सिनसिनाटी येथे एका विमान कंपनीच्या रूपाने जन्मास आले. पुढे ते मायामीत गेले आणि १९६५ पासून फ्लोरिडातील डेटोना बीच येथे स्थिरावले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनचे आकाश ढगांनी आणि शत्रूच्या विमानांनी व्यापलेले असताना त्या देशाने आपले शिकाऊ वैमानिक अमेरिकेत धाडले. फ्लोरिडातील क्लुइस्टन व आर्केडिया आणि ॲरिझोनातील मेसा येथे ते शिकले. आर्केडियाच्या दफनभूमीत प्रशिक्षणकाळात मृत्यू पावलेल्या २३ ब्रिटिश तरुणांच्या कबरी आहेत. ऊन भरपूर असले म्हणून उड्डाण निर्धोक होत नाही, हे त्या कबरी सांगतात.

आपल्याकडेही हवामानाने विमानांना जागा बदलावयास लावल्या आहेत. १९३२ साली टाटांची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा जुहूचे मैदान पावसाळ्यात पाण्याखाली जाई आणि सेवेचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे.

आता उन्हाला एवढे महत्त्व का, ते पाहू. नवशिक्या वैमानिकाला ढगात शिरण्याची परवानगी नसते. त्याला जमीन दिसली पाहिजे आणि सर्वसाधारणपणे तीन मैल, म्हणजे सुमारे पाच किलोमीटर, अंतरापर्यंतचे स्पष्ट दिसले पाहिजे. मिशिगन किंवा ओहायोसारख्या राज्यात हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे ढग उतरलेले असतात, पंखांवर बर्फ धरतो, पाठ रद्द होतात. दोन आठवडे खंड पडला की हात विसरतो. मग मागचाच पाठ पुन्हा घ्यावा लागतो. विमानाचे भाडे तासावर असते. इंजिन सुरू झाल्यापासून ते बंद होईपर्यंत मीटर फिरत राहतो आणि त्यात प्रशिक्षकाच्या मानधनाची भर पडते. म्हणजे उन्हाच्या राज्यात जाणारा विद्यार्थी खरे पाहता दिवस विकत घेत असतो. आपल्या द्राक्ष बागायतदाराला उघाडीच्या आठ दिवसांचे मोल ठाऊक असते, तसेच हे आहे.

परंतु याची दुसरी बाजू माहितीपत्रकांत छापलेली नसते. फ्लोरिडाने १९७० साली 'सनशाइन स्टेट' हे टोपणनाव अधिकृतपणे धारण केले असले, तरी उन्हाळ्यात तेथे दुपारनंतर दोन्ही किनाऱ्यांवरून येणारे समुद्री वारे मध्यभागी भिडतात आणि प्रचंड गडगडाटी ढग उभे राहतात. विजा पडण्याच्या बाबतीत हे राज्य अमेरिकेत अग्रेसर गणले जाते. विद्यार्थ्यांना म्हणून पहाटे उड्डाण करून दुपारी पुस्तक उघडावे लागते. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, तो वेगळाच. ॲरिझोनात पाऊस कमी, पण उष्णता अशी की हवा विरळ होते आणि विमानाला धावपट्टी अधिक लागते. २६ जून १९९० रोजी फिनिक्सचे तापमान १२२ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५० अंश सेल्सियस झाले, तेव्हा तेथील विमानतळावरील उड्डाणे काही काळ थांबवावी लागली. कारण इतक्या उष्णतेसाठीचे कोष्टकच वैमानिकांपाशी नव्हते. शिवाय ऊन आहे तेथे गर्दीही आहे. धावपट्टीच्या तोंडाशी शिकाऊ विमानांची रांग लागते आणि रांगेत उभे असतानाही मीटर थांबत नाही. आणखी एक गोष्ट जाणकार बोलून दाखवतात : सदैव निरभ्र आकाशात शिकलेल्याला खऱ्या ढगांचा सराव कमी पडतो. अमेरिकेतील नावाजलेल्या विमानविद्या-शाळांपैकी एक नॉर्थ डकोटासारख्या गोठवणाऱ्या राज्यात, ग्रँड फोर्क्सच्या विद्यापीठात १९६८ पासून चालत आली आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. मला तर हे उदाहरण फार बोलके वाटते.

आता कामाचा प्रश्न. माझ्या मते आपल्या पालकांची सर्वांत मोठी गफलत येथेच होते. अमेरिकन तरुण जेव्हा थंडीचे राज्य सोडून फ्लोरिडात बिऱ्हाड करतो, तेव्हा तो केवळ शिकावयास जात नाही, कमवावयासही जातो. छोट्या विमानतळावर विमानांत इंधन भरणे, ती धुणे, ओढून छपराखाली लावणे अशी कामे करून तो उड्डाणाच्या तासांचे पैसे उभे करतो. खासगी परवान्यासाठी तेथे किमान ४० तास लागतात. व्यावसायिक परवान्यासाठी सर्वसाधारण मार्गाने २५०. त्यानंतर तो स्वतः प्रशिक्षक होतो आणि दुसऱ्यांना शिकवता शिकवता आपले तास वाढवतो. याचे कारण एका अपघातात आहे. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलो शहराजवळ प्रवासी विमान कोसळून ५० माणसे मरण पावली. त्यानंतर २०१० साली कायदा झाला आणि २०१३ पासून विमान कंपनीत सहवैमानिक होण्यासाठीही साधारणतः १५०० तासांची अट लागू झाली. विमानविद्येची मान्यताप्राप्त पदवी घेतलेल्याला १००० तास पुरतात. त्या दुर्दैवी विमानाच्या दोन्ही वैमानिकांपाशी मात्र १५०० हून अधिक तास होते, आणि म्हणून या अटीविषयी तेथे वाद मिटलेला नाही.

प्रशिक्षक म्हणून काढलेली ही एक-दोन वर्षे अमेरिकन तरुणाच्या हिशेबात जमेच्या बाजूला पडतात. आपल्या विद्यार्थ्याच्या हिशेबात ती तशी धरता येत नाहीत. व्यावसायिक शिक्षणासाठी मिळणाऱ्या एम-१ व्हिसावर शिक्षण चालू असताना नोकरी करता येत नाही. शिक्षण संपल्यावर प्रत्यक्ष अनुभवासाठी मिळणारी मुदत फार तर सहा महिन्यांची. विद्यापीठात पदवी घेणाऱ्या एफ-१ व्हिसाधारकाला थोडी अधिक सवलत आहे, परंतु तीही मुदतीची आणि अभ्यासक्रमाशी बांधलेली. त्याशिवाय २००१ च्या हल्ल्यांनंतर परदेशी शिकाऊ वैमानिकांना बोटांचे ठसे देऊन सुरक्षा-तपासणीतून जावे लागते. 'तिकडे गेला की काम करून कर्ज फेडील', हे वाक्य घराघरांत ऐकू येते. गहाणखतावर सही करण्यापूर्वी ते कायद्याच्या कसोटीला लावून पाहावे, असे पालकांना स्पष्टपणे सांगणारा कोणी तरी गावात असला पाहिजे.

परत आल्यावर अमेरिकन परवाना भारतात जसाच्या तसा चालत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी एकूण २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्यांपैकी १०० तास विमानाची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेऊन केलेले असावे लागतात. दिशादर्शन, हवामानशास्त्र, विमान वाहतुकीचे नियम या विषयांच्या परीक्षा आणि रेडिओ-संभाषणाचा परवाना हेही आलेच. नेमक्या याच ठिकाणी अनेकांची वर्षे अडकतात. हातात तास आहेत, खिशात परदेशी परवाना आहे, व्याज चढते आहे आणि एक विषय राहिला आहे, अशी ती स्थिती.

म्हणून क्रम उलटा करावा, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे. प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, आधी द्वितीय वर्गाची, मग प्रथम वर्गाची. रंग ओळखण्यातील दोष अथवा कानाचा, हृदयाचा एखादा विकार आरंभीच कळला, तर विमानाच्या तिकिटाचाही खर्च वाचतो. त्यानंतर भारतीय परीक्षांचे विषय सोडवावे. ते देण्यासाठी परदेशी जावे लागत नाही, अभ्यास घरी बसून करता येतो आणि त्याला कोणाची जमीन तारण लागत नाही. मग देशातील सोयी पाहाव्या. धुळे, बारामती आणि गोंदियाजवळचे बिरसी येथे आपल्याच राज्यात उड्डाण शिकवले जाते. रायबरेलीजवळची केंद्र सरकारची अकादमीसुद्धा उड्डाणाचे तास वाढवण्यासाठी गोंदियाचा तळ वापरते. तेव्हा स्वच्छ आकाश केवळ सातासमुद्रापलीकडेच आहे, असे नाही. हे सारे तोलून, पुरेसा पैसा हाताशी ठेवून, परत येण्याचा हिशेब मांडून कोणी फ्लोरिडास निघाला, तर त्याला खुशाल निरोप द्यावा. तेथे शिकून आलेले वैमानिक आपल्या विमान कंपन्यांत आहेतच.

एक बारीकशी सूचना विशेषतः मुख्याध्यापकांसाठी. या परवान्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे विषय आजवर लागत आले आहेत. मी स्वतः कलाशाखेचा पदवीधर असल्यामुळे हा दरवाजा आपल्यासाठी नव्हता, असे समजूनच मोठा झालो. वस्तुतः ज्यांनी ते विषय घेतलेले नाहीत, त्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून तेवढेच दोन विषय देता येतात. हा नियम बदलण्याचाही विचार २०२५ मध्ये पुढे आला होता, म्हणून प्रवेशाच्या वेळी महासंचालनालयाचा लागू असलेला नियम पाहून घ्यावा आणि तो शाळेच्या फलकावर लावावा.