उभी गाडी आणि बॅटरी



२०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझी गाडी दोन महिने पार्किंगमध्ये उभीच होती. मे महिन्यात एका रात्री हिच्या छातीत दुखायला लागलं. चावी फिरवली, तर नुसता टकटक आवाज! शेजाऱ्यांनी त्यांची गाडी काढली, म्हणून वेळेवर दवाखाना गाठता आला.

आयुष्य बँकेत गेलं, म्हणून त्याच भाषेत सांगतो. बॅटरी म्हणजे बचत खातं. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म थोडी थोडी रक्कम काढतच असतात. भरणा मात्र गाडी चालली तरच होतो. आपल्या नंदुरबारच्या उन्हाळ्यात तर खातं आणखी लवकर आटतं.

म्हणून आठवड्यातून एकदा अर्धा तास प्रकाशा रस्त्याने चक्कर मारून या. जागेवर पाच मिनिटं इंजिन चालवून भागत नाही. महिनाभर मुलांकडे पुण्याला, सुरतला जाणार असाल, तर चावी शेजाऱ्यांकडे द्या. ते जमत नसेल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. बंद गाडीत मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले की खातं भरलेलं, १२.४ च्या खाली गेलं की चार्जिंग करून घ्या.

त्या रात्री शेजाऱ्यांची गाडी सुरू झाली. उद्या त्यांना गरज पडली, तर माझीही व्हायला हवी.