बालक व किशोरांचे मानसिक आरोग्य : जोखमीचे घटक आणि कुटुंबाचे उत्तरदायित्व



घरातील मुलाला रात्री ताप चढला, तर वाहन काढून तत्काळ बारामतीचा दवाखाना गाठला जातो. दुसऱ्या दिवशी शेजारीपाजारी, नातेवाईक चौकशीस येतात. परंतु तोच मुलगा दोन-दोन महिने अर्धपोटी उठत असेल, रात्र रात्र जागत असेल, मित्रांना टाळत असेल, तर ती गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ दिली जात नाही. 'लोक काय म्हणतील' आणि 'उद्या सोयरीक जमविताना अडचण येईल' ही दोन वाक्ये अनेक मुलांच्या उपचाराआड उभी राहतात. लहान गावात आणि मोजक्या घरांच्या समाजात ही भीती अधिकच असते.

ही बाब विरळा नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळला. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात साधारण तीन मुले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरातील १० ते १९ वयाच्या दर सात मुलांपैकी एकाला असा त्रास असतो. तेव्हा 'आमच्यात असले काही नसते' असे म्हणण्यास कोणत्याही कुटुंबाला आधार नाही.

अशा वेळी घरात पहिला प्रश्न निघतो तो 'चूक कोणाची?' हा. सासरचे माहेराकडे बोट दाखवितात, वडील मोबाईलकडे आणि आजोबा नव्या जमान्याकडे. वैद्यकशास्त्र हा प्रश्न निराळ्या पद्धतीने मांडते. ते 'जोखमीचे घटक' पाहते. जोखमीचा घटक म्हणजे दोषी इसम नव्हे, की अटळ भवितव्यही नव्हे. त्याच्या असण्याने आजाराची शक्यता वाढते, एवढाच त्याचा अर्थ.

काही घटक देहाबरोबर येतात. घराण्यातील मानसिक आजार, अपुऱ्या दिवसांचा जन्म, अपस्मारासारखा मेंदूचा विकार किंवा वाचन-लेखनातील जन्मजात अडचण हे त्यांपैकी होत. अक्षरे उलटसुलट दिसणाऱ्या मुलाला वर्षानुवर्षे 'आळशी' म्हटले गेले, तर मूळ अडचणीपेक्षा त्या शब्दाचीच जखम खोल जाते. काही घटक घरातले असतात : आईवडिलांचे नित्याचे भांडण, मारहाण, व्यसन, आईचे उपचाराविना राहिलेले नैराश्य, लैंगिक अत्याचार, जवळच्या माणसाचा मृत्यू. काही शाळेतले असतात : चिडवणे, सततची तुलना, नापास होण्याचे भय.

काही घटक मात्र भूमीचे व अर्थकारणाचे असतात. अंथुर्ण्याचा हा परिसर नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर आणि उसावर उभा आहे. पाण्याची पाळी चुकली किंवा उसाचे बिल लांबले, की त्याचा ताण शेतकऱ्याच्या घरात आणि त्यामागोमाग पेठेतल्या दुकानाच्या उधारीवर उतरतो. मोठ्यांचे ते दबके बोलणे मुले ऐकत असतात. भवानीनगरच्या कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यांच्या कोप्यांवरील मुलांची शाळा ऐन वर्षात सुटते, मैत्री तुटते आणि लहान भावंडांची राखण अंगावर येते. बंगल्यातील मूल आणि कोपीवरील मूल यांची ओझी वेगळी असतात. परंतु दोघांनाही मन आहे, हे विसरून चालणार नाही.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी वाइट बेटावरील व लंडनमधील मुलांचा अभ्यास केला. त्यातून १९७० च्या दशकात एक मोलाचा निष्कर्ष पुढे आला. कौटुंबिक प्रतिकूलतेचा एकच घटक असलेल्या मुलांमध्ये धोका विशेष वाढत नव्हता. दोन घटक एकत्र येताच तो सुमारे चौपट होत होता. वस्त्राचेही असेच असते. एक धागा तुटला म्हणून धोतरजोडी फाटत नाही. पण तीच जागोजागी विरली असेल, तर साध्या ओढीनेही टरकते. पाहणारा म्हणतो, 'एवढ्याशा ओढीने फाटली!' परीक्षेतील कमी गुण किंवा वडिलांचा एखादा कठोर शब्द ही बहुधा शेवटची ओढ असते. विरणे आधीच झालेले असते.

दहावीनंतरचा काळ या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. 'लातूर पॅटर्न'चा लौकिक झाल्यापासून पंधरा-सोळा वर्षांची मुले घर सोडून लातूर, पुणे येथे शिकवणीसाठी खोल्या घेऊन राहतात. अनेकांना त्याचा लाभ झाला आहे. परंतु घरचे ताट, आजीचा हात, जुने मित्र आणि पुरेशी झोप हे चारही आधार एकाच महिन्यात सुटतात. शिवाय भरलेल्या फीचा उल्लेख दर फोनवर होत असेल, तर ओझे वाढतच जाते. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे आणि त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांचे वर्ष वाया जाऊ नये, म्हणून राज्यात जुलै २०१५ पासून तत्काळ फेरपरीक्षा सुरू झाली. व्यवस्थेने एक ओझे हलके केले. घरानेही ते करावयास हवे.

ओझी मोजण्याचा हेतू निराश होणे हा नसून ती उतरविणे हा आहे. हवाई बेटसमूहातील काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बालकांचा मागोवा एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत घेतला. दारिद्र्य, जन्मवेळचा त्रास, घरातील कलह, पालकांचा आजार असे चार वा अधिक घटक असलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले कर्तबगार व प्रेमळ माणसे झाली. या मुलांच्या आयुष्यात, इतर गोष्टींबरोबरच, निरपेक्षपणे जवळ घेणारे किमान एक माणूस होते. ते नेहमी आईवडीलच होते असे नाही. कोठे आजी होती, कोठे मावशी, कोठे शिक्षक. जमाखर्चाच्या भाषेत सांगायचे, तर नावे बाजू मोठी असली तरी जमेची एक भक्कम रक्कम पुष्कळ तोल सावरते.

कुटुंबाने काय करावे? वागण्यातील बदल दोन आठवड्यांहून अधिक टिकला, तर त्याची दखल घ्यावी. झोप, भूक, अभ्यास व मित्र या चारांवर लक्ष ठेवावे. मूल 'जगून काय उपयोग' असे बोलले, तर ते नाटक समजू नये. जीव देण्याचा विचार मनात येतो का, असे शांतपणे विचारावे. विचारल्याने तो विचार रुजत नाही, उलट मुलाला मोकळे होण्यास वाट मिळते. असे मूल एकटे ठेवू नये. शेतीची औषधे नेहमीच कुलुपात असावीत. १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत, शिकवणी वर्गातही, पात्र समुपदेशक असणे अपेक्षित आहे. प्रवेश घेतेवेळी फीबरोबर याचीही चौकशी करावी.

समाजाचे कर्तव्य याहून सोपे व याहून अवघड आहे. एखाद्या घरातील मूल मानसोपचारतज्ज्ञांकडे जाते हे कळल्यावर त्याची चर्चा न करणे, आणि सोयरीक जुळविताना त्या कारणाने नाक न मुरडणे, एवढे झाले तरी पुष्कळ मुले वेळेवर उपचारास पोहोचतील. लपविणे हाही एक जोखमीचा घटक आहे, आणि तो पूर्णतः समाजाच्याच हाती आहे.

संवत्सरीला घरोघरी 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले जाते. लहान मोठ्यांच्या पाया पडून क्षमा मागतात. त्या दिवशी एखाद्या पित्याने आपल्या मुलाजवळ बसून, वर्षभरात बोललेल्या कठोर शब्दांबद्दल त्याचीही क्षमा मागावी आणि नंतर तो काय बोलतो ते मध्ये न थांबविता ऐकावे. मुलाच्या खाती जमेची पहिली रक्कम तेथे पडेल.